वाट बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

कुठेतरी एखादे विवर उसळते, डोंगरावर माणसे सापडतात आणि दुसऱ्या दिवसापासून ठरलेली जुगलबंदी सुरू होते. एक पक्ष म्हणतो, जिवंत ज्वालामुखीवर माणसांना फिरू देणे हाच मुळात वेडेपणा. सगळ्या वाटा कायमच्या बंद करा. दुसरा म्हणतो, जाणारा आपल्या जबाबदारीवर जातो, सरकारने मध्ये नाक खुपसू नये. न्यूझीलंडमधल्या व्हाकारी बेटावर 2019 मध्ये स्फोट झाला तेव्हा हेच ऐकले, सुमात्रातल्या मारापीवर 2023 मध्ये ट्रेकर दगावले तेव्हाही हेच. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात तो विशिष्ट डोंगर, त्याचे तळे, त्या दिवशीची नोंद यांतले काहीच नसते. माझे मत आधीच सांगून टाकतो. विवरांकडे आणि त्यांतल्या तळ्यांकडे जाणाऱ्या वाटा उघड्या असाव्यात. मात्र त्या बंद करण्याचा अधिकार, उघड्या वाटेवर ज्याचे पोट चालत नाही अशाच्या हाती असावा, आणि वाट उघडी असताना विवराच्या टप्प्यात माणसाने किती वेळ घालवावा हे ठरवून दिलेले असावे. ‘उघडी की बंद’ या प्रश्नात या दोन्ही गोष्टींना जागाच नाही, म्हणून तो प्रश्न अपुरा वाटतो.

वादात बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाव्हा असतो. विवराच्या तळ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाचा खरा वैरी पाणी आहे. शिलारस वर सरकू लागला की बहुतेक वेळा दिवस, कधी आठवडे आधी भूकंपमापकांवर खुणा उमटतात, डोंगराचा उतार फुगतो, वायूंचे प्रमाण बदलते. पाण्याला एवढा वेळ लागत नाही. जमिनीखाली दाबाखाली तापलेले पाणी दाब सुटताच वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. गंधक आणि मातीने खालच्या भेगा बुजल्या की शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी गत होते. कधी फुटेल ते बाहेरून कळत नाही. फुटले की राख, वाफ आणि दगड काही सेकंदांत किलोमीटरभर अंतरावर पोचतात. आता गंमत अशी की ज्या पाण्यामुळे हा धोका आहे, त्याच पाण्यासाठी लोक वर जातात. न्यूझीलंडमधल्या टोंगारिरो डोंगरावरची पाचूसारखी तळी, जपानमधल्या कुसात्सु-शिराने पर्वतावरचे युगामाचे दुधाळ निळे तळे, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या केलिमुतूची रंग बदलणारी तीन तळी: हे रंग खालून येणाऱ्या उष्ण, आम्लयुक्त, खनिजांनी भरलेल्या पाण्यावायूंचीच देणगी. धोका वगळून सौंदर्य तेवढे ठेवा, असे म्हणायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

2012 च्या 6 ऑगस्टला रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी टोंगारिरोच्या ‘ते मारी’ नावाच्या विवरात स्फोट झाला. सुमारे दीड किलोमीटरवर असलेल्या केतेताही हट या ट्रेकरांच्या मुक्कामाच्या झोपडीच्या छतातून दगड आत घुसले, थेट झोपायच्या फळ्यांपर्यंत. हिवाळ्यातली मध्यरात्र होती. कोणाला इजा झाली नाही. दोन वर्षांनी, 27 सप्टेंबर 2014 ला जपानच्या ओंताकेवर स्फोट झाला, तोही 11 वाजून 52 मिनिटांनीच. फक्त सकाळचे. शनिवार होता, पानगळीचे रंग चढलेले होते आणि माथ्यावर लोक डबे उघडून बसले होते. 63 जण मेले किंवा कधीच सापडले नाहीत. दोन्ही स्फोट वाफेचेच. मग एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी 63, हा फरक कोणत्या व्यवस्थेने केला? कोणत्याच नाही. तो ऋतूने आणि दिवसाच्या वेळेने केला. टोंगारिरोच्या त्या वाटेवर हंगामातल्या चांगल्या दिवशी हजाराहून अधिक माणसे चालतात. ‘आमच्याकडे काही झाले नाही’ असा दाखला उघड्या वाटांचे समर्थक देतात तेव्हा मला म्हणूनच अस्वस्थ वाटते. त्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण हा दाखला त्यांच्या कामाचा नाही.

बंदीवाल्यांचा मुद्दा दिसतो त्याहून भक्कम आहे आणि तो नीट मांडायला हवा. ते म्हणतील, उपकरणे लावा, धोक्याच्या इशाऱ्याच्या पातळ्या ठरवा, तज्ज्ञ बसवा, पण वाफेचा स्फोट सांगून येत नसेल तर या सगळ्याचा उपयोग काय? ओंताकेवर त्या दिवशी इशारा सर्वांत खालच्या पातळीवर होता. फिलिपाइन्समधल्या मायोनवर 7 मे 2013 ला पाच जण दगावले, तेव्हा पातळी शून्य होती. कुसात्सु-शिरानेची गोष्ट तर आणखी बोचरी. तिथे सगळे लक्ष युगामाच्या तळ्यावर होते; 23 जानेवारी 2018 ला स्फोट झाला तो थोड्या अंतरावरच्या मोतोशिराने या दुसऱ्याच भागात, स्कीच्या उताराला लागून, आणि त्यात तिथे सराव करणारा एक जवान गेला. ज्वालामुखीचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना तरी कुठे कळते? कोलंबियातल्या गालेरासवर 14 जानेवारी 1993 ला एका वैज्ञानिक परिषदेला आलेले संशोधक विवरात उतरले होते. त्यांच्यापैकी सहा जण आणि सोबतचे तीन पर्यटक परत आले नाहीत. ‘तज्ज्ञांना विचारून जाऊ’ हे वाक्य गालेरासनंतर जरा जपून उच्चारावे.

हे सारे मान्य. तरीही कायमची बंदी मला पटत नाही, आणि त्याचे कारण साहसाचे कौतुक हे नाही. बंदीला स्वतःची किंमत असते आणि ती चुकवणारे लोक बंदी मागणाऱ्यांत क्वचितच असतात. 1976 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावरच्या ला सूफ्रिएर ज्वालामुखीने वाफ आणि राख टाकायला सुरुवात केली, तेव्हा सत्तर हजारांहून अधिक लोकांना घरे सोडायला लावली. कित्येक महिने ते बाहेर राहिले. शिलारसाचा उद्रेक झालाच नाही. हारून ताझिएफ आणि क्लोद अलेग्र या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांत त्यावरून जे जाहीर भांडण जुंपले ते पुढे वर्षानुवर्षे धुमसत राहिले. भांडण रंगले शास्त्रज्ञांचे, शेती आणि रोजगार बुडाला बेटवासीयांचा. दुसरे असे की कागदावरची बंदी डोंगरावर उतरतेच असे नाही. मायोनभोवती सहा किलोमीटरचा कायमचा धोकाक्षेत्राचा घेरा आहे. 2013 मध्ये मेलेले पाचही जण त्या घेऱ्याच्या आत होते. कायम लावलेला फलक वाचायचे लोक सोडून देतात. कधी लागणारा, कधी निघणारा फलक मात्र वाचला जातो, कारण त्यात आजची बातमी असते.

आणि बंद करायचे म्हणजे नेमके काय बंद करायचे? विवराभोवती कंपासने वर्तुळ काढले की झाले, असे वाटणाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या रुआपेहूचा इतिहास पाहावा. या डोंगराच्या माथ्यावरचे तळे 24 डिसेंबर 1953 च्या रात्री एका बाजूने फुटले. चिखल, बर्फ आणि दगडांचा लोंढा व्हांगाएहू नदीतून खाली आला, त्याने तांगीवाई इथला रेल्वेपूल खिळखिळा केला आणि काही मिनिटांतच वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली रात्रीची गाडी त्या पुलावर आली. 151 माणसे गेली. त्यांतले कोणी ट्रेकर नव्हते, कोणी विवर पाहायला निघाले नव्हते. बरेच जण नाताळसाठी घरी चालले होते. 1995-96 च्या उद्रेकांनंतर त्याच तळ्याच्या काठावर राखेचा आणि दगडगोट्यांचा नवा बांध साचला, पाणी वर चढू लागले आणि हा बांध कधीतरी फुटणार हे उघड झाले. तेव्हाही दोनच बाजू ऐकू येत होत्या: बुलडोझर लावून काठ फोडून टाका, नाहीतर निसर्गाला हात लावू नका. शेवटी काय केले? काठ फोडला नाही. माथ्यावर यंत्रे चालवण्यात कामगारांच्या जिवाला धोका होता आणि तो माथा स्थानिक माओरी जमातींना पवित्र आहे. त्याऐवजी तळ्याच्या काठावर आणि नदीत संवेदक बसवले, खाली एके ठिकाणी मातीचा बांध घातला, रस्ते आणि रेल्वे कोण कधी थांबवणार ते आधीच लिहून ठेवले. 18 मार्च 2007 ला तळ्याकाठचा तो राखेचा बांध फुटला. इशारा गेला, गाड्या थांबल्या, लोंढा पुलाखालून निघून गेला, एकही माणूस दगावला नाही. या प्रकरणाची चर्चा फार होत नाही. झाले नाही त्याची बातमी होत नाही, हे एक कारण असावे. पण मला यात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की यंत्राने सूचना दिल्यावर कोणी काय करायचे हे त्या दिवशी कोणाला विचारावे लागले नाही.

रुआपेहूचीच दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सोयीचे तेवढे निवडतो आहे असे होईल. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला, लोंढ्याचे इतके चोख नियोजन केलेल्या याच डोंगरावर, रात्री वाफेचा स्फोट झाला. विवराजवळच्या निवाऱ्यात झोपलेल्या एका तरुण गिर्यारोहकाचा पाय दगडांखाली चिरडला आणि पुढे तो कापावा लागला. लोंढ्याला वाट कापायला वेळ लागतो, म्हणून त्याच्यासाठी धोक्याची घंटा चालते. विवराच्या तोंडाशी झोपलेल्यासाठी घंटा चालत नाही. तिथे एकच उपाय उरतो: तिथे झोपायचे नाही.

आता स्वातंत्र्यवाल्यांकडे वळू. ते म्हणतात, हिमकडे कोसळतात, दोर तुटतात, थंडीने माणसे गारठून मरतात. मग ज्वालामुखीलाच वेगळा न्याय का? रास्त प्रश्न. टोंगारिरोच्या वाटेवर बचाव पथकाला धावावे लागते ते बहुधा बिघडलेल्या हवामानामुळे आणि अपुऱ्या कपड्यांनिशी आलेल्या हौशी लोकांमुळे, ज्वालामुखीमुळे क्वचितच. पण कड्यावरचा धोका अनुभवाने कमी होतो. बर्फ वाचता येतो, दोर तपासता येतो, ढग पाहून मागे फिरता येते. डोक्यावर येणारा तापलेला दगड तुमची वीस वर्षांची गिर्यारोहणाची वही बघत नाही. आणि ‘आपल्या जबाबदारीवर’ हे म्हणायला माणसाला जबाबदारी कशाची ते माहीत तरी हवे. व्हाकारीचा इशारा 18 नोव्हेंबर 2019 ला दुसऱ्या पातळीवर नेला होता. सहली चालू राहिल्या. 9 डिसेंबरला दुपारी 2 वाजून 11 मिनिटांनी स्फोट झाला तेव्हा बेटावर 47 माणसे होती, 22 मेली. त्यांतले बरेच जण मोठ्या प्रवासी जहाजावरून एका दिवसाच्या सहलीला उतरले होते. आपण नेमक्या कोणत्या जागी चाललो आहोत याची कल्पना कोणी दिली नव्हती, असे वाचलेल्यांनी पुढे न्यायालयात सांगितले. अशा माणसाच्या संमतीला संमती म्हणायचे का? आणि त्याला आणायला राखेत उतरणाऱ्या हेलिकॉप्टर वैमानिकांची संमती कोणी घेतली होती?

व्हाकारीत मला खरी मेख दिसते ती पुढच्या खटल्यात. शास्त्रज्ञांनी पातळी वाढवली, पण पातळी म्हणजे डोंगराच्या अवस्थेचे वर्णन. जा किंवा जाऊ नका असा हुकूम त्यात नसतो. निर्णय सहल कंपन्यांनी घ्यायचा. बेट खासगी मालकीचे. मालकांची कंपनी 2023 मध्ये दोषी ठरली आणि 2025 मध्ये वरच्या न्यायालयाने ते दोषारोप रद्द केले, कारण पैसे घेऊन प्रवेश दिला एवढ्यावरून तिथल्या कामावर तिचे नियंत्रण होते असे ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण सामान्य माणसाने काय समजायचे? मोजणारा ठरवत नव्हता, मालकाचे नियंत्रण नव्हते आणि ठरवणारा तिकिटे विकत होता. मारापीवर तर सरकारी खात्यांतच हा घोळ. ज्वालामुखी विभागाचे म्हणणे होते की विवरापासून तीन किलोमीटरच्या आत कोणी जाऊ नये. दुसरे खाते, ज्याच्याकडे जंगल, चढाईचे रीतसर परवाने देत होते. 3 डिसेंबर 2023 ला डोंगर उसळला तेव्हा 75 ट्रेकर वर होते, त्यांतले 24 गेले. त्यांनी कुंपण ओलांडले नव्हते, चोरवाटेने गेले नव्हते, नावे नोंदवून, शुल्क भरून गेले होते. ‘आपल्या जबाबदारीवर’ आणि ‘कायमची बंदी’ या दोन्ही घोषणा इथे निरुपयोगी ठरतात. बंदी सांगितलेली होतीच. ती अमलात आणणारा आणि परवाना देणारा यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती.

हे गरीब देशातच होते असे कोणी म्हणू नये. 1980 च्या वसंतात अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सची एक बाजू दररोज सुमारे दीड मीटर बाहेर येत होती. बंद क्षेत्राची सीमा आखली गेली, पण एका बाजूला ती धोक्यानुसार न जाता एका मोठ्या लाकूड कंपनीच्या जमिनीच्या हद्दीने गेली. कारण उघड होते. तोड चालू राहायला हवी होती. आतल्या घरमालकांनी दबाव आणला, तेव्हा 17 मे रोजी त्यांना सामान आणायला पोलिसांच्या सोबतीने आत नेले, दुसरी तुकडी 18 तारखेला सकाळी 10 वाजता निघणार होती. त्या सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी डोंगराची ती बाजू कोसळली. 57 जण गेले आणि त्यांतले बहुतेक बंद क्षेत्राच्या बाहेर होते. रविवार नसता तर जंगलात शेकडो लाकूडतोडे असते. तिथे शास्त्रज्ञ होते, उपकरणे होती, पैसा होता. हद्द मात्र ज्याला हद्दीचा तोटा होणार होता त्याच्या सोयीने आखली गेली.

म्हणून अधिकार वेगळा करा, हा माझा पहिला आग्रह. दुसरा मिनिटांचा. वाफेचे स्फोट आधी कळत नसतील, तर धोका कमी करायचा एकच मार्ग उरतो: टप्प्यात कमी माणसे आणि कमी वेळ. कोस्टारिकाने पोआसवर हे करून पाहिले. एप्रिल 2017 च्या स्फोटांनंतर तो डोंगर वर्षभराहून अधिक काळ बंद होता. 2018 मध्ये उघडला तेव्हा आधी नोंदणी, डोक्यावर हेल्मेट आणि विवराच्या काठावर वीस मिनिटे. पुढे 2025 मध्ये डोंगर पुन्हा बिघडला, पुन्हा बंद केला. कोणाला त्यात काही लाज वाटल्याचे दिसले नाही. जपानच्या आसो ज्वालामुखीवर नाकादाकेच्या विवराकाठी सल्फर डायऑक्साइड सतत मोजतात. ठरलेली मर्यादा ओलांडली की काठ रिकामा करतात. जवळच काँक्रीटचे निवारे आहेत, दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना पुढे येऊच देत नाहीत. यातले बरेचसे शहाणपण माणसे मेल्यानंतर आलेले आहे. 1997 मध्ये दोन पर्यटक तिथे वायूने दगावले होते. टोंगारिरोत 2012 च्या स्फोटांनंतर वाट सरसकट उघडली नाही: आधी पाचूच्या तळ्यांपर्यंत जाऊन परत फिरायचे, ते मारीच्या बाजूचा तुकडा मे 2013 मध्ये, आणि तोही एका चालणाऱ्यामागे जिवाचा धोका किती याचा हिशेब मांडल्यानंतर. केतेताही हट मुक्कामाला पुन्हा दिलीच नाही. रात्रभर झोपणे म्हणजे आठ तास. चालत पुढे जाणे म्हणजे त्याचा लहानसा अंश. वीस मिनिटांत काय अनुभव मिळणार, असे कोणी विचारेल. तळ्याच्या काठी बसून दोन तास गप्पा मारायला मिळणार नाहीत, हे खरेच.

एक बाजू मात्र या सगळ्या वादात कोणी विचारतच नाही. टोंगारिरोची शिखरे 1887 मध्ये न्गाती तूव्हारेतोआ जमातीचे प्रमुख होरोनुकू यांनी राष्ट्राला दिली, त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. त्या लोकांची इच्छा आहे की त्यांतल्या न्गाउरुहोए या शिखराच्या माथ्यावर कोणी चढू नये आणि तळ्यांच्या पाण्याला हात लावू नये. उद्यानाने माथ्याकडच्या वाटेच्या खुणा काढून टाकल्या, बंदी घातली नाही, विनंती केली. स्वातंत्र्यवादी याला अंधश्रद्धा म्हणून झटकतात, बंदीवाल्यांना ते ऐकूच येत नाही, कारण त्यात दगडाचा वेग किंवा वायूचे प्रमाण नाही. मला ती मर्यादा मान्य आहे. ज्यांचा डोंगर, त्यांना आपण कुठवर यावे हे सांगायचा हक्क आहे, मग आज विवर शांत असो वा नसो. शिवाय वाट आणि माथा यांत फरक करता येतो, एक उघडा ठेवून दुसरा सोडून देता येतो, हे त्यातून दिसते.

उरला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळे तिथेच अडते. वाट बंद झाली की गाइडचा हंगाम जातो, बसवाल्याचा जातो, पायथ्याच्या लॉजवाल्याचा जातो. मार्च 2022 मध्ये रुआपेहूचे तळे तापू लागले तेव्हा विवराभोवती दोन किलोमीटर बंद केले. उद्रेक झाला नाही. असे वारंवार होणार, कारण योग्य वेळी बंद केलेल्या वाटांपैकी बहुसंख्य पुढे ‘उगीचच’ बंद केलेल्या ठरतात. दर वेळी नुकसान एकाच गावाच्या माथी मारले, तर पुढच्या वेळी त्या गावाचा दबाव येईल आणि तो गैरवाजवी असणार नाही. म्हणून प्रवेशशुल्कातूनच बंदीच्या दिवसांसाठी निधी काढून ठेवावा आणि बंदीचा आदेश निघाला की गाइडांना त्यातून रोजंदारी मिळावी, अर्ज-विनंत्या न करता. तळे बघायला येणाऱ्याने तिकिटामागे थोडे जास्त मोजावे. तो काठावर ज्या वीस मिनिटांसाठी उभा राहणार आहे, त्या वीस मिनिटांचा हा खर्च आहे आणि आजवर तो त्याच्याऐवजी गाइडने भरला आहे.